मामांचा पेचकस, माझा कान

गाडीला पाना लावायच्या आधी मामा लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. गल्लीत पोरं वरडू द्या, कुत्री भांडू द्या, पाण्याचा टँकर येऊ द्या, मामा हलायचे नाय. मग डोळे उघडून म्हणायचे, "आधी ऐकायचं, मंग खोलायचं."

मी उलटा. मी आधी खोलायचो. ऐकायचो नंतर, ते बी बायकोचं.

तुमच्या गल्लीत बी असा एखादा असंल बघा. रविवारी सकाळी घरापुढं गोणपाट हातरून, पाटावर बसून, गाडी पुढ्यात घेणारा. आमच्या रांजणगावच्या गल्लीत ते मामा होते. सख्खे मामा तिथं कोणाचेच नाय, पण सगळी गल्ली त्यांची भाचरं. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यात, फिटर म्हणून जन्म काढला, रिटायर झाले, तरी आठवड्यातले चार दिवस चिकलठाण्याला एका लहान वर्कशॉपात जायचे. शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याच गाडीवर. शंभर सीसीची काळी गाडी, माझ्या लग्नाच्या आधीची. एकदा बी मिस्तरीच्या दुकानाची पायरी चढली नाय ती. "दवाखान्यात कशाला न्यायची? घरी बाप बसलाय तिचा," म्हणायचे.

आता मी कोण? मी चौथीतून सुटलेला माणूस. सुटलो म्हणजे मास्तरनंच सोडलं. कंपनीत खोकी उचलतो. माझ्याकडं एकच कला, कोणी काही बी विचारलं की "व्हय" म्हणायचं. सुपरवायझर म्हणला, समजलं का? व्हय. बायको म्हणली, दळण आणलं का? व्हय. मग मागच्या दारानं पळत जाऊन आणायचं. एवढ्या एका व्हयवर माझी पस्तीस वर्षं बरी निघाली. आणि त्याच व्हयनं मामांच्या गाडीचं वाटोळं केलं. तेच सांगायला बसलोय.

मामांशी माझी ओळख ब्रेकमुळं झाली. मी सेकंडहँड गाडी घेतली होती आणि तिचा मागचा ब्रेक किंचाळायचा. दाबला की डुकराचं पिल्लू धरल्यासारखा आवाज. मी विचार केला, घराचं दार कुरकुरलं की आपण काय करतो? बिजागरीला तेल सोडतो. मी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि चाकातल्या ब्रेकमध्ये अर्धी बाटली सोडली. आवाज एकदम बंद. मी खूश. बायकोला म्हणलं, बस मागं, शहागंजला जाऊन येऊ.

आमच्या गल्लीला उतार हाये. उताराच्या शेवटी मामांचं घर. मी ब्रेक दाबला, गाडी पळाली. अजून दाबला, अजून पळाली. मामांच्या गोणपाटावरून, पान्यांवरून, थेट मामींच्या धुण्याच्या टबात. बायको पाण्यात बसली, मी मामांच्या पायाशी.

मामांनी मला उठवलं नाय. आधी मागच्या चाकाशी बसले, बोट फिरवलं, वास घेतला.

"आवाज बंद झाला ना?"

"व्हय."

"कुत्रं भुकतंय म्हणून कुत्रंच मारलं व्हय रे लेका?"

तेलात भिजलेले ब्रेकचे लायनर कामाचे राहत नाय, हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी मला नवे आणायला शहागंजला पाठवलं, चालत नाय, रिक्षानं. तिथला दुकानदार म्हणला, "मॉडल बोलो मियां." मी म्हणलं, "काली है." तो म्हणला, "काली तो हमारी भैंस बी है, उसके बी लायनर दूं?" दुकानातली सगळी गिऱ्हाईकं हसली. मी बी हसलो, म्हणजे त्यांना वाटावं की मी मुद्दाम बोललो.

तवापासून रविवारी सकाळी आठला मी मामांच्या दारात. माझी गाडी एका बाजूला, त्यांची दुसऱ्या बाजूला. मामी कांदा चिरीत उंबऱ्यात बसायच्या आणि मामा मला शिकवायचे. चेन रॉकेलनं धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, मग तेल. एवढं जास्त नाय की पँटवर उडंल. ऑइल बदलायचं तर गाडी पाच मिनिटं चालवून, गरम झाल्यावर सोडायचं, म्हणजे मळ बी संगट येतो. काळं ऑइल मामी डब्यात धरून ठेवायच्या, दाराच्या चौकटीला लावायला. आमच्या गल्लीत वाळवी सगळ्यांच्या घरात, मामांच्या घरात नाय.

"चेन घासायला जुना दाताचा ब्रश आण," मामा म्हणले. मी आणला. तो जुना नव्हता, बायकोचा होता. दोन दिवस घरात कोणी माझ्याशी बोललं नाय, आणि खरं सांगतो, ते दोन दिवस लई शांततेत गेले.

खोललेला प्रत्येक नट मामा ताटात ओळीनं ठेवायचे, आणि बसवताना उलट्या ओळीनं उचलायचे. मी एकदा एकट्यानं घरी गाडी खोलली, जोडली, चालू बी झाली, आणि ताटात तीन नट उरले. मी ते खिशात घालून मामांकडं गेलो, म्हणलं, "मामा, कंपनीनं तीन नट जास्तीचे दिलते."

मामांनी नट हातात घेतले, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "गाडी ढकलत आणलीस का चालवत?"

"चालवत."

"मंग तुझ्या बायकोचं कुंकू बळकट हाये," म्हणले, आणि पाना घेऊन गाडीखाली वाकले.

आता मुद्द्याचं. इंजिनाच्या डोक्यात टॅपेट नावाची दोन बोटं असतात म्हणा, सारखी वरखाली नाचत्यात आणि आतल्या झडपा उघडत्यात. तिथं केसभर फट सोडावी लागती. फट जास्त झाली तर टकटक मोठी. फट पारच गेली तर आवाज बंद, पण मग झडप नीट मिटत नाय, तिथून गरम हवा निसटती आणि झडप जळती. हे सगळं मला मामांनी सांगितलं. मामांची ह्यावर एक म्हण होती. "टॅपेट म्हातारीसारखा असतो. पुटपुटत राहिला तर समजायचं तब्येत बरी हाये. गप झाला की पळायचं."

दर रविवारी शेवटी हे काम. मामा गाडी चालू करायचे, पेचकस लावून ऐकायचे, आणि मग पेचकस माझ्या हातात द्यायचे.

"तू ऐक. लई वाजायलंय का?"

मी मूठ कानाला लावायचो. मामांसारखे डोळे मिटायचो. मला काय ऐकू यायचं? गाडी चालू हाये, एवढं ऐकू यायचं. भडभड भडभड. त्यात टॅपेट कोणता, चेन कोणती, सायलेन्सर कोणता, देव जाणे.

"व्हय," मी म्हणायचो.

मामा मान हलवायचे. गाडी बंद करून, थंड होऊ देऊन, टॅपेटचा नट सैल करून एक केसभर आवळायचे. पुन्हा चालू. "आता?" मामा असं तोंडाकडं बघायचे की वाटायचं, बरोबर उत्तर हेच हाये. "अजून थोडं, व्हय."

मला वाटायचं मामा माझी परीक्षा घेत्यात. चौथीत मास्तरनं मला कधी दुसऱ्यांदा प्रश्न विचारला नव्हता, पहिल्याच उत्तरात त्यांचं समाधान व्हायचं. इथं एवढा मोठा फिटर दर रविवारी मला विचारतोय, आणि दर रविवारी मी पास. माझी छाती अशी फुगायची की पेचकस परत द्यायला मन व्हायचं नाय.

एकदा मी लवकर गेलो. मामा एकटेच बसले होते. गाडी चालू, डोळे मिटलेले, आणि पेचकसची मूठ कानाला नाय, दातात.

"जय भीम मामा. हे काय?"

त्यांना मी आलेलो कळलंच नाय. खांद्याला हात लावला तवा दचकले. "ऐकायची एक तऱ्हा असती," म्हणले आणि पेचकस फडक्याला पुसला.

मी घरी जाऊन तीच तऱ्हा केली. टोक कुठं टेकवायचं हे विचारलं नव्हतं. मी प्लगला टेकवलं. करंट दातातून थेट टाळूत. आठ दिवस मला लोखंडी चमच्याचं भ्या वाटत होतं, वरण हातानं प्यायलो.

आता मागं वळून बघितलं की सगळं दिसतं. पाण्याचा टँकर मागून हॉर्न मारायचा आणि मामा रस्त्याच्या मधोमध चालायचे. मला वाटायचं, काय दरारा हाये माणसाचा. पूर्वी कोणाची बी गाडी गल्लीतून गेली की मामा थांबवायचे, "ए भाऊ, चेन ढिली हाये तुझी." ते बंद झालं होतं. मला वाटलं, मामांनी आता लोकांचा नाद सोडला.

उन्हाळा लागला आणि मामांची गाडी आजारी पडली. थंड असली तर कशीबशी चालू व्हायची. एकदा गरम झाली आणि बंद पडली की किक मारून पाय सुजला तरी नाय. सायलेन्सरमधून फाटकन आवाज. जोर बी गेला. चिकलठाण्यावरून येताना जालना रोडला दोनदा बंद पडली, तर भर उन्हात मामांनी ढकलत आणली. मामांनी प्लग बदलला. कारबोरेटर धुतला. एअर फिल्टर झटकला. दर रविवारी नवं काहीतरी, आणि शेवटी पेचकस माझ्या हातात.

"वाजायलंय का?"

"व्हय मामा."

अजून एक केसभर.

मग एका रविवारी मामांनी गोणपाट टाकलंच नाय. मला वाटलं बरं नसंल. पुढच्या शनिवारी संध्याकाळी मामी आमच्या घरी आल्या. उंबऱ्यात बसल्या, चहा नको म्हणल्या.

"तुझ्या मामांनी गाडी विकायला काढली," म्हणल्या. "उद्या दहाला चिकलठाण्याचं गिऱ्हाईक येतंय. कामावर बी सांगून आले, येणार नाय म्हणून. दोन भाकरी खाणारा माणूस, अर्धी खाऊन उठतो."

"गाडी जुनी झाली मामी."

"गाडीचं नाय रे बाबा. ते म्हणत्यात, माझा हात गेला. तीस वर्षं ह्याच हातानं मशीन लावली, आता स्वतःच्या गाडीचा टॅपेट बसवता येईना. रोज तळहात बघत बसत्यात." मामींनी पदर सावरला आणि आवाज बारीक केला. "कान तर कवाच गेला त्यांचा. उजव्यानं काहीच नाय, डाव्यानं वरवरचं. कोणाला सांगू नको म्हणत्यात. तू हायेस म्हणून चालत व्हतं. म्हणायचे, पोराचा कान चांगला हाये, त्याच्या कानावर करतो मी."

मामी गेल्या. मी तिथंच बसलो.

म्हणजे परीक्षा नव्हती ती. मामा माझं उत्तर तपासत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

बायको म्हणली, "अहो, एवढे गप? तुम्ही तर झोपेत बी बोलता." मी तिला सगळं सांगितलं. माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, लपवत नाय. मनात आलं, उद्या दहाला गिऱ्हाईक येईल, गाडी घेऊन जाईल, आणि कोणाला काही कळणार नाय. मी बायकोला म्हणलं, "गप बसलो तर?"

बायको भांडी घासत होती. मागं न बघता म्हणली, "माझा ब्रश तुम्ही नेला तवा बी गपच बसलेले."

रविवारी आठला मी गेलो. गाडी धुवून, पुसून दारात उभी केलेली. जयंतीच्या दिवशी करायचे तशी चकाचक. मामा पायरीवर, हात मांडीवर उताणे.

"मामा, एक सांगायचंय."

मामा माझ्या ओठांकडं बघू लागले. त्यांची ही सवय मला त्या दिवशी कळली.

"ते तुम्ही विचारायचे ना, वाजायलंय का म्हणून. मला कधी कळलंच नाय. मी नुसतं व्हय म्हणायचो."

मला वाटलं ऐकू आलं नाय. मी सगळी हवा छातीत भरली आणि वरडलो, "मला टॅपेट ऐकूच येत नव्हता मामा! मी खोटं व्हय म्हणायचो!"

समोरची खिडकी उघडली. टँकरच्या रांगेतल्या बाया वळल्या. एक कुत्रं उठून दुसरीकडं जाऊन बसलं.

"वरडू नको," मामा म्हणले. "पहिल्याच वेळी कळलं मला."

मी खाली बघत राहिलो.

"दर रविवारी?"

"व्हय."

"हे व्हय तरी खरं का?"

"हे खरं."

मामांनी तळहात वर केला. उलटा केला, सुलटा केला. "मंजे हात नाय गेला."

"हात नाय गेला मामा. माझ्या जिभेनं घात केला."

मला वाटलं आता पाना फेकून मारत्यात. मारला असता तर बरं वाटलं असतं. मामा आत गेले, पाट आणला, गोणपाट आणलं, बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आणला. डब्याच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली पातळ पातळ पाती काढली. गेज म्हणत्यात त्याला, फट मोजायचं. टॅपेटचं झाकण खोललं आणि सगळ्यात पातळ पातं फटीत घालायला लागले. जाईना.

"बघ. फटच नाय. गळा दाबलाय आपण तिचा." आणि मामा हसले. मामी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, हातात कांदा तसाच.

"तुझ्या एकट्याची चूक नाय," मामा गेज पुसत म्हणले. "हे गेज कायम डब्यातच व्हतं. पण गेज काढायचं मंजे कबूल करायचं, की कान गेला. म्हणून नाय काढलं. प्रेस शॉपच्या धडधडीत कानात घालायला बोंडं द्यायचे रे. मी खिशात ठेवायचो. मला मशीन ऐकू यायला पाहिजे ना. आता दातात धरलं तर थरथर कळती, पण टकटक नाय कळत."

पात्यानं फट लावली, झाकण बसवलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. पेचकस माझ्या हातात.

"वाजायलंय का?"

व्हय तोंडात तयारच होतं. मी तोंड मिटलं. कान लावला. भडभड. अजून लावला. भडभडीच्या खाली चेन. चेनीच्या खाली, लई खाली, मामी तांदूळ निवडताना खडा ताटात टाकत्यात तसं काहीतरी, बारीक, एकसारखं. पेचकस मागं सरकवला, तिथं होतं. पुढं सरकवला.

मामा ओठांकडं बघत होते.

"थांबा," मी म्हणलं. दोनदा पुढं, दोनदा मागं केलं. "मागलं वाजायलंय. पुढलं... नाय."

असं "नाय" मी जन्मात कोणाला तोंडावर म्हणलो नव्हतो.

मामांनी गाडी बंद केली, थंड व्हायला ठेवली. मामींनी चहा दिला. चहा चालू असतानाच गिऱ्हाईक आलं.

"बसा, चहा घ्या," मामा म्हणले. "गाडी विकायची नाय."

"अहो, काल तर विकायची म्हणले व्हते."

"काल बिघडलेली व्हती. चांगली गाडी कोण विकतं?"

त्या माणसाला आजपर्यंत काही समजलं नसंल.

पुढं दोन वर्षं मामा चिकलठाण्याला गेले. गाडीला दोन्ही बाजूंनी मोठाले आरसे लावून घेतले. "मागचा कान नाय, तर मागचे डोळे लावतो," म्हणले. झडप थोडी झिजली ती झिजलीच, चढाला गाडी जरा दमायची. रविवारी मी ऐकायचो आणि ते आवळायचे. मला कळलं नाय तर मी कळलं नाय म्हणायचो, आणि मामा म्हणायचे, "मंग परत ऐक, घाई कुणाला हाये?" कंपनीत बी एकदा सुपरवायझरनं विचारलं, समजलं का? मी म्हणलं, नाय. त्यानं परत सांगितलं. नंतर चार जण येऊन मला म्हणले, बरं झालं विचारलंस.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. चार दिवस दवाखान्यात होते. वंदनेला गल्ली भरली होती, आणि सगळ्यांच्या गाड्या मामांच्या दारात लागल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या चेनी ढिल्या होत्या, ते मला लांबून ऐकू आलं.

त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मी घरातच होतो. आठ वाजले आणि खालून गोणपाट झटकल्याचा आवाज आला. बघतो तर मामींनी पाट टाकलाय, डबा ठेवलाय, आणि गाडी ओढून दारात आणलीय.

"लई दिवस बंद हाये," मामी म्हणल्या. "चालू करून बघ."

सहाव्या किकला चालू झाली. मी पेचकस उचलला. टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाकडं नेली, तर अंगठ्याला काहीतरी लागलं. मुठीच्या प्लॅस्टिकवर बारीक बारीक खड्डे, दोन ओळीत. मामांचे दात.

मामी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना टॅपेट काय असतो ते माहीत नाय. पण इतकी वर्षं कांदा चिरीत बसून त्यांनी हा प्रश्न ऐकलेला.

"वाजायलंय का?"

मी लगेच बोललो नाय. मागं ऐकलं. पुढं ऐकलं. परत मागं ऐकलं.

"व्हय मामी," मी म्हणलं. "दोन्ही वाजायलेत."